फोटोतल्या माणसाचं वय वाढवायचंय? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात फाटलेले, बुरशी लागलेले जुने फोटो कसे दुरुस्त करायचे ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले त्यातले बरेच भलत्याच गोष्टीबद्दल निघाले, म्हणजे फोटो नाही तर फोटोतला माणूस म्हातारा दिसायला पाहिजे, तो फोटोशॉपमध्ये कसा करायचा. कारणं सगळ्यांची वेगळी आहेत, काही पत्रं वाचून तर मी बराच वेळ काही दुसरं करू शकलो नाही, म्हणून या वेळचा सगळा कॉलम यालाच देतोय.

प्रश्न : दादा, माझे बाबा १९९३ मध्ये गेले, तेव्हा ते ३४ चे होते आणि मी चार वर्षांची. त्यांचा एकच फोटो आहे, सोसायटीच्या कर्जासाठी काढलेला ब्लॅक अँड व्हाइट पासपोर्ट. आई आता ६३ ची आहे. भाऊ (माझ्याहून मोठा) म्हणतो नवीन घराच्या वास्तूला आईबाबांचा जोडफोटो हॉलमध्ये लावू, पण त्या फोटोतल्या बाबांच्या बाजूला आई बसवली तर ती त्यांची माय दिसते. मी मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये टाकून बाबांना म्हातारं केलं, आईनं पाह्यलं आन् म्हणाली, "हा कोन माणूस होय? हे तुहे बाबा नाही." तेव्हापासून तिनं मोबाईल हातात घेतला नाही. काय करू?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आई बरोबर बोलल्या. अ‍ॅपनं जो माणूस दाखवला तो खरंच तुमचे बाबा नव्हते. ही अ‍ॅपं हजारो चेहरे पाहून शिकलेली असतात की म्हातारा चेहरा साधारण कसा असतो, आणि तो साधारण म्हातारा ती आपल्या फोटोवर चढवतात. त्यात तुमचा फोटो पासपोर्ट साईज, जुना, मऊ (धूसर) पडलेला, म्हणजे डोळ्याच्या कडा, ओठाची रेघ हे नीट दिसतच नाही, मग जे दिसत नाही ते अ‍ॅप स्वतःच्या मनानं भरतं, आणि माणसाची ओळख नेमकी तिथंच असते. सुरकुत्या चुकल्या तर घरचे लोक समजून घेतात, डोळे बदलले तर नाही घेत.

काम सुरू करायच्या आधी आईला एकदा नीट विचारा की तिला बाबा म्हातारे पाहायचे आहेत का. बऱ्याच बायकांना नसतात पाहायचे, नवरा जसा आठवतो तसाच भिंतीवर पाहिजे असतो, आणि पोरांच्या हौसेपुढं त्या काही बोलत नाहीत. तसं असेल तर दुसरा रस्ता आहे, आईचाच त्या काळातला फोटो शोधा, लग्नातला, बारशातला, कोणाच्या तरी ग्रुप फोटोत मागं उभी असलेली का असेना, तो मोठा करून दोघं तरुण असलेला जोडफोटो करा. तो सोपाही आहे आणि त्यात खोटं काहीच नाही. पण आई म्हणाली की हो, आज असते तर कसे दिसले असते ते मला पाहायचंय, तर मग पुढचं सगळं तिच्यासाठी जीव लावून करा, घाईत करू नका.

पहिलं काम स्कॅन. मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका, चमक येते आणि कडा वाकड्या होतात. तालुक्याला ज्याच्याकडं चांगला फ्लॅटबेड स्कॅनर आहे त्याच्याकडून १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करून घ्या. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो असेल तर त्याचे साधारण १६५० बाय २१०० पिक्सेल होतात, आठ बाय दहा इंचाच्या फ्रेमपुरते ते चालतात. आणि एआयनं फोटो मोठा, क्लिअर करून देणारी जी सोय आजकाल सगळीकडं आहे ती सुरुवातीलाच वापरू नका, ती पण डोळे आपल्या मनानं काढते.

दुसरं, नमुने गोळा करा. आजोबांचा साठीतला फोटो, काका असतील तर त्यांचे आताचे फोटो, आणि तुमच्या भावाचा. तुमचा भाऊ आज बाबा गेले त्या वयापेक्षा मोठा आहे, म्हणजे बाबांच्या चेहऱ्याला पस्तिशीनंतर काय झालं असतं त्याचा थोडा तरी अंदाज त्याच्याच चेहऱ्यावर आहे, केस समोरून जात आहेत की टाळूवरून, गाल भरताहेत की बसताहेत. आईला विचारा बाबा हसताना कुठली आठी पडायची, एक भुवई वर जायची का, खर्रा (तंबाखू-सुपारी) खायचे का, दाढ काढली होती का. हे सगळं कागदावर लिहून घ्या, फोटोशॉप उघडायच्या आधी.

आता खरं काम. सगळे लोक सुरकुत्यांपासून सुरू करतात आणि तिथंच फसतात, कारण वय आधी आकारात येतं आणि कातडीवर नंतर. म्हातारपणी चेहऱ्याचं हाडसुद्धा झिजतं, डोळ्याच्या खोबण्या मोठ्या होतात, जबडा थोडा मागं जातो, गालाची चरबी खाली उतरते म्हणून हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कातडी लोंबते आणि जबड्याची सरळ रेघ तुटते, कानशिलं बसतात, ओठ पातळ होतात, नाकाचं टोक खाली झुकतं. कान लांब होतात. इंग्लंडमधल्या फॅमिली डॉक्टरांनी २०६ पेशंटचे कान मोजून १९९५ मध्ये छापलं होतं की कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलिमीटर वाढतो, म्हणजे ३४ पासून ६६ पर्यंत सात मिलिमीटर, साडेसहा सेंटिमीटरच्या कानाला हा दहावा हिस्सा झाला, डोळ्याला दिसतो. हे सगळं लिक्विफाय नावाच्या टूलनं करायचं, ब्रश मोठा ठेवायचा, प्रेशर कमी, आणि थोडं थोडं सरकवायचं. आकार बरोबर बसला की एकही सुरकुती न काढता माणूस पन्नाशीचा वाटायला लागतो, तोपर्यंत पुढं जाऊ नका.

मग घड्या. वर एक नवीन लेयर (फोटोवर ठेवलेला वेगळा थर) घ्या, तो ५० टक्के करड्या रंगानं भरा आणि त्याचा मोड सॉफ्ट लाइट ठेवा. या लेयरवर काळ्या ब्रशनं जिथं रंगवाल तिथं खालचा चेहरा गडद होतो आणि पांढऱ्यानं उजळतो, मूळ फोटोला धक्का लागत नाही. ब्रशची ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) पाच-सात टक्क्यांच्या वर नेऊ नका. सुरकुती म्हणजे नुसती काळी रेघ नसते हे लक्षात ठेवा, ती शेतातल्या सरीसारखी असते, एक खोल भाग आणि त्याला लागून एक उंचवटा, खोलात सावली आणि उंचवट्यावर उजेड. म्हणून प्रत्येक घडीला एक गडद आणि त्याला चिकटून एक उजळ, असे दोन हात द्यायचे. गडद कुठल्या बाजूला आणि उजळ कुठल्या, हे उजेड कुठून येतो त्यावर ठरतं, नाकाची सावली कुठं पडली ते पाहा म्हणजे समजेल, त्या काळी स्टुडिओत बहुतेक एका बाजूनं मोठा दिवा असायचा. रेघ दोन्ही टोकांना हळूहळू विरायला पाहिजे, मधेच तुटली की पेननं काढलेली दिसते. आधी नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारी मोठी घडी, मग डोळ्याखालच्या पिशव्या, मग कपाळ, आणि बारीक रेघा सगळ्यात शेवटी.

सोसायटीच्या कर्जासाठी फोटो काढला म्हणजे बाबा शेतकरी असणार, मग त्यांचं म्हातारपण उन्हाचं असणार, शहरातल्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाचं नाही. उन्हानं कातडी किती म्हातारी होते याचा एक फोटो जगभर गाजला होता, २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या अमेरिकन माणसाचा, त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी जास्त म्हातारी होती, जाड घड्या पडलेली. तिकडं खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हानं एवढं होतं, मग आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत वखरणी करणाऱ्याच्या चेहऱ्याचं काय होत असेल. डोळे बारीक करून करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात पंख्यासारख्या रेघा येतात, मान रापते आणि तिथं चौकोनी भेगांसारख्या घड्या पडतात, आणि टोपी किंवा दुपट्टा बांधणाऱ्याचं कपाळ वरच्या भागात उजळच राहतं. हे तुमच्या काकांच्या चेहऱ्यावर पाहून घ्या. मी तर म्हणतो काकांना खिडकीजवळ बसवा, बाबांच्या फोटोत उजेड ज्या बाजूनं आहे त्याच बाजूनं उजेड येऊ द्या आणि जवळून फोटो काढा, त्यांच्या गालाचा-कपाळाचा पोत घेऊन बाबांच्या फोटोवर सॉफ्ट लाइट मोडमध्ये ठेवा आणि मास्क लावून (नको तो भाग झाकून) पाहिजे तिथंच दाखवा. सख्ख्या भावाची कातडी, त्याच उन्हातली, याहून चांगला नमुना इंटरनेटवर मिळणार नाही. फक्त मोबाईलचा फोटो फार धारदार असतो आणि जुना फोटो मऊ, म्हणून पोत थोडा ब्लर करा आणि सगळं झाल्यावर पूर्ण फोटोवर एकसारखं ग्रेन (जुन्या फोटोसारखा बारीक दाणा) टाका, नाहीतर जुन्या चेहऱ्यावर नवी कातडी चिकटवल्यासारखी दिसते.

डोळ्यांबद्दल मी हात जोडून सांगतो, बुबुळं, दोन डोळ्यांतलं अंतर आणि बुबुळातला उजेडाचा ठिपका, याला हात लावू नका. वरची पापणी बाहेरच्या बाजूनं थोडी खाली आणा, डोळ्याचा पांढरा भाग थोडा मळका करा, साठीनंतर बऱ्याच लोकांच्या बुबुळाच्या कडेला फिकट कडी येते ती अगदी हलकी दाखवली तर चालेल, बस. आई नवऱ्याला ओळखणार ते याच डोळ्यांवरून.

केस एकदम पांढरेशुभ्र करू नका. कानशिलाजवळ आधी पांढरे होतात, मिशी कोणाची आधी होते कोणाची मागून, हे पण काकांकडं पाहून ठरवा. भुवयांचे केस लांब आणि विस्कटलेले होतात. खर्रा खाणारे होते तर दाढा लवकर गेल्या असत्या, दाढा गेल्या की गाल आत ओढले जातात आणि नाक आणि हनुवटी जवळ येतात. कपडेही बदला, ९० सालच्या मोठ्या कॉलरच्या शर्टात ६६ वर्षांचा माणूस बसवला की चेहरा कितीही चांगला जमला तरी काहीतरी खटकत राहतं. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, जे ते घालत असते ते.

आणि एकदम ६६ वर नेऊन आईला दाखवू नका. आधी ४५ च्या आसपासचे करा, ती फाईल वेगळी सेव्ह करा, मग ५५, मग ६५. आईजवळ बसून एकेक दाखवा. जिथं आई म्हणेल की हो, हे तेच, तिथं थांबा, ते ५५ वर म्हणाली तर ५५ वरच थांबा, ६३ च्या आईच्या बाजूला ५५ चे बाबा अजिबात विचित्र दिसत नाहीत. मग आईचा नवीन फोटो त्याच बाजूच्या उजेडात काढा, दोघांना एकाच ब्लॅक अँड व्हाइट टोनमध्ये आणा आणि जोडा. फ्रेमच्या मागं स्पष्ट लिहा की बाबांचा मूळ फोटो १९९३ च्या आधीचा आहे आणि वय कॉम्प्युटरवर वाढवलेलं आहे, कोणत्या साली वाढवलं ते पण लिहा. नातवंडांना उद्या हाच खरा फोटो वाटेल, म्हणून मूळ पासपोर्टचीही एक चांगली प्रिंट घरात लावलेली पाहिजे.

प्रश्न : सर, माझ्याकडं जुना लॅपटॉप आहे ४ जीबीचा, फोटोशॉप विकत घेणं होत नाही आणि क्रॅक टाकायची भीती वाटते. फुकटात हे सगळं होतं का? फोटोशॉपमध्ये वय वाढवायचं एक बटनच आहे म्हणतात ते खरं का?
— बी.ए. द्वितीय वर्ष, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : क्रॅक, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर, टाकत नाही हे फार चांगलं करतोस, त्यातून व्हायरस येऊन लोकांचे अख्खे फोटो गेलेले मी पाहिले आहेत. बटन आहे, २०२० च्या शेवटी फोटोशॉपमध्ये न्यूरल फिल्टर आले, त्यातल्या स्मार्ट पोर्ट्रेटमध्ये फेशियल एज नावाचा स्लायडर आहे, उजवीकडं ओढला की माणूस म्हातारा होतो. पण त्याचीही तीच गत जी वर अ‍ॅपची सांगितली, मी ते फक्त अंदाज घ्यायला वापरतो, वेगळ्या लेयरवर काढतो, त्याची ओपॅसिटी कमी करतो आणि डोळ्यांवरून पूर्ण पुसून टाकतो.

फुकटात जिम्प आहे, १९९६ पासून आहे आणि २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली, त्यात लिक्विफायचं काम वार्प ट्रान्सफॉर्म नावाच्या टूलनं होतं आणि करड्या लेयरची युक्ती जशीच्या तशी चालते. दुसरं फोटोपी, ते ब्राउझरमध्येच उघडतं, दिसायला जवळपास फोटोशॉपसारखं आहे आणि फोटो त्यांच्या सर्व्हरवर न जाता तुझ्याच मशीनवर काम होतं, त्यामुळं गावात नेट स्लो असलं तरी एकदा पेज उघडलं की भागतं. ४ जीबीत मोठी फाईल अडकेल, म्हणून लेयर कमी ठेव आणि बाकी सगळे टॅब बंद कर. माऊसनं घड्या काढणं अवघड जातं, जमलं तर साधा पेन टॅब्लेट घे, सेकंडहँड चालतो. आणि फेसअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवर दुसऱ्याचा, विशेष करून कोणाच्या लहान लेकराचा किंवा मयत माणसाचा फोटो त्यांच्या घरच्यांना न विचारता टाकू नको. २०१९ मध्ये म्हातारं व्हायची लाट आली होती तेव्हा जगभर हाच प्रश्न विचारला गेला की हे फोटो कंपनीकडं गेल्यावर त्यांचं काय होतं.

प्रश्न : माझा लहान भाऊ २००९ मध्ये हरवला, ९ वर्षांचा होता, जत्रेत हात सुटला. पोलिसात तक्रार आहे. माय अजून दर सणाला त्याचं ताट वाढते. तो आता कसा दिसत असंल असा फोटो बनवून मले सगळीकडं पाठवायचा हाय. बनते का असा?
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : भाऊ, बनतो. अशा कामाला एज प्रोग्रेशन म्हणतात आणि हरवलेल्या मुलांसाठीच ते सगळ्यात जास्त वापरलं जातं. अमेरिकेत नॅन्सी बर्सन नावाच्या कलाकार बाईंनी चेहऱ्याचं वय बदलणाऱ्या कॉम्प्युटर पद्धतीचं पेटंट १९८१ मध्ये घेतलं, आणि तिकडं हरवलेल्या मुलांसाठी १९८४ मध्ये जी राष्ट्रीय संस्था निघाली ती मूल १८ चं होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नवीन चित्र बनवते. तिकडचे कलाकार नुसता मुलाचा फोटो घेत नाहीत, आईवडील आणि भाऊबहीण त्याच वयाचे असतानाचे फोटो मागतात. तुम्ही पण तेच करा, वडिलांचा पंचविशीतला फोटो, तुमचा स्वतःचा पंचविशीतला, मामांचा.

लेकराचा चेहरा मोठा करणं हे वर सांगितल्यासारखं सुरकुत्यांचं काम नाही. नऊ वर्षांच्या मुलाचं डोकं जवळपास पूर्ण वाढलेलं असतं, वाढायचा राहिलेला असतो तो डोळ्यांच्या खालचा भाग, नाकाचा दांडा वर येतो, जबडा लांब आणि रुंद होतो, भुवया दाट होतात, डोळे तेवढेच राहतात पण मोठ्या चेहऱ्यात लहान वाटतात. जे बदलत नाही ते शोधा आणि जपा. कानाच्या पाळीचा आकार, पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी, डोक्यावरचा भोवरा, तीळ, जखमेची खूण. नऊ वर्षांपर्यंत समोरचे पक्के दात आलेले असतात, म्हणून हसताना दातात फट दिसत असेल तर ती आजही असू शकते.

एकच चेहरा करू नका. एक दाढीमिशीचा, एक बिनदाढीचा, एक बारीक, एक भरलेला, असे वेगवेगळे करा, कारण त्याला कुठं राहावं लागलं, काय खायला मिळालं ते आपल्या हातात नव्हतं. पोस्टरवर लहानपणचा खरा फोटो मोठा ठेवा आणि त्याच्या बाजूला नवीन, खाली लिहा की हा अंदाजे बनवलेला आहे. लोक बनवलेल्या फोटोशी तंतोतंत जुळवायला गेले तर खरा भाऊ समोरून निघून जाईल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही, उलट एखाद्या निर्दोष पोराला लोक पकडतील. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सोडायच्या आधी हे सगळं घेऊन ज्या पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद आहे तिथं जा, जुन्या तक्रारीचा नंबर दाखवा, नवीन चित्र त्या फाईलला लावायला सांगा आणि संपर्काचा नंबर पोस्टरवर ठाण्याचा टाका, घरचा एकटा नको, फसवणारे लोक पैसे मागायला फोन करतात. मायचा फोन नंबर तर अजिबात टाकू नका. मूळ फोटो आणि घरच्यांचे फोटो स्कॅन करून माझ्याकडं पाठवा, हे काम मी करून देतो, त्याचे पैसे नाहीत.

प्रश्न : आमची नाटक मंडळी वडसा भागातली. या सीझनला आमचा २६ वर्षांचा नट ७० वर्षांच्या बापाचं काम करतो आहे. बॅनरवर त्याला म्हातारा दाखवायचा आहे, मागच्या वर्षी डिझायनरनं एवढ्या रेघा मारल्या की झाडाची साल वाटली. काय सांगावं डिझायनरला?
— एक नाट्यकर्मी, जि. गडचिरोली

उत्तर : झाडीपट्टीचं, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भातलं नाटक म्हटलं की रात्रभर थंडीत बसून पाहणारे हजारो लोक, आणि दिवाळीनंतर चौकाचौकात लागलेले तुमचे बॅनर पाहूनच ते ठरवतात की कुठल्या गावाला जायचं, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. डिझायनरला सांगायच्या आधी फोटोग्राफरला सांगा. नटाला समोरून फ्लॅश मारून फोटो काढला की चेहरा सपाट होतो आणि मग डिझायनर बिचारा रेघा मारत बसतो. एकाच बाजूनं, थोडा वरून उजेड द्या. नटाला डोळे घट्ट मिटायला, कपाळ वर करायला, दात दाखवून हसायला सांगा आणि तेव्हाचे फोटो पण काढा, त्याच्या चेहऱ्यावर घडी कुठं पडते ते त्यातून कळतं, म्हातारपणी घडी तिथंच बसते, दुसरीकडं नाही. मेकअपमनला पण तेच फोटो द्या.

बॅनर दहा फुटांवरून, चालत्या गाडीवरून पाहतात, म्हणून बारीक सुरकुत्या काढूच नका, त्या दुरून मळ दिसतात. मोठ्या गोष्टी करा, बसलेले गाल, कानशिलं, नाकाजवळची घडी, झुकलेली पापणी, केस, आणि खांदा, म्हातारा माणूस खांद्यानं ओळखू येतो. स्क्रीनवर फोटो एवढा लहान करून पाहा की अंगठ्याएवढा होईल, त्यातही माणूस सत्तरीचा वाटला तर झालं. फ्लेक्सला पूर्ण साईजमध्ये ७२ ते १०० डीपीआय पुरतं. छपाईत सावल्या आणखी गडद होतात हेही धरून चाला, मागच्या वर्षीची ती झाडाची साल निम्मी तिथंच झाली असेल. एक मात्र पाहा, बॅनरवरचा म्हातारा आणि स्टेजवरचा म्हातारा एकच दिसला पाहिजे, म्हणून रंगभूषा करून घेतलेलाच फोटो घ्या आणि कॉम्प्युटरवर त्याला फक्त हात फिरवा.

प्रश्न : आमच्या शेजारच्या काकू ६० च्या आहेत, श्रावणबाळसाठी अर्ज करायचा आहे, फोटोत थोडं वय वाढवून द्याल का? आधारच्या झेरॉक्सवर पण जमलं तर.
— नाव नको

उत्तर : नाही. फोटोत वय वाढवून काहीच होत नाही, कारण श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षं पूर्ण झाल्याचा कागद लागतो, चेहरा पाहून कोणी वय ठरवत नाही. आणि आधारच्या झेरॉक्सवर हात फिरवणं म्हणजे बनावट कागद करणं, तो सरळ गुन्हा आहे आणि त्यात काकू अडकतील. आधारवरचं वयच चुकीचं लिहिलेलं असेल, जे आपल्याकडं पुष्कळ म्हाताऱ्या माणसांचं आहे, तर त्याला सरळ मार्ग आहे, शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीच्या जन्म नोंदीचा उतारा, किंवा काहीच नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला, हे घेऊन तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा. काकू निराधार असतील, विधवा असतील तर ६५ ची वाट पाहायची गरज नाही, संजय गांधी निराधार योजना वेगळी आहे, त्याच टेबलावर विचारा.

प्रश्न : मुलाच्या प्री-वेडिंगचे फोटो "जुन्या काळातले" दिसावेत म्हणून फोटोग्राफरनं सगळे पिवळे करून दिले. असेच असतात का जुने फोटो?
— एक पालक, वरुड, जि. अमरावती

उत्तर : नसतात. तो तपकिरी रंग सेपियाचा, कागदावरच्या चांदीवर रसायनाची प्रक्रिया करून यायचा आणि त्यानं फोटो जास्त टिकायचा, तो फार आधीच्या काळातला. तुमच्या घरच्या ६०-७० सालच्या फोटोंची पेटी उघडा, बहुतेक साधे ब्लॅक अँड व्हाइट असतील, काहींच्या कडा कातरलेल्या, एखाद्यावर स्टुडिओवाल्यानं हातानं गाल आणि साडी रंगवलेली. ८० नंतरचे रंगीत फोटो पिवळे नाही तर लालसर होतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. फोटोग्राफरला ठरवायला सांगा की कुठल्या सालचा फोटो पाहिजे. ७० चा पाहिजे असेल तर रंग पूर्ण काढा, काळा रंग थोडा करडा करा, ग्रेन टाका, बारीक पांढरी चौकट द्या आणि ओरखडे अजिबात टाकू नका, फुकट मिळणारे ते ओरखडे सगळ्यांच्या फोटोवर एकाच जागी असतात. आणि नवरदेवाच्या हातातलं स्मार्टवॉच आधी काढायला सांगा.